सात तव्यांना दाखवलेलं ऊन

माझ्या नातीला कॉलेजसाठी काहीतरी लिहून न्यायचं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तुमचं आयुष्य घडवणारे पाच अल्बम कोणते. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आजी, पटकन पाच सांग." मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग मला लवकर येतो, घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. गाण्यानं कधी आयुष्य घडतं का, असं म्हणून मी तिला वाटेला लावणार होते. पण पोर चिवट आहे, माझ्यावरच गेली आहे. शेवटी मी एका गाण्याबद्दल सांगितलं. शब्द धड आठवत नव्हते, गाणारीचं नाव तेवढं आठवत होतं. पाच मिनिटांत तिनं ते शोधून काढलं आणि लावलं.

तीच बाई होती, तेच गाणं होतं. पण आवाज सरळ जात होता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठेही न डगमगता. मी म्हटलं, बंद कर, हे ते नाही. ती म्हणाली, अगं हेच आहे, नाव बघ ना. मी उठून आत गेले. मला रडायला येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

आमच्याकडे अल्बम नव्हते, तवे होते. ग्रामोफोनच्या काळ्या तबकडीला आमच्या भागात तवा म्हणत, आणि ग्रामोफोनला फोनो. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच यायचं. आमचं गाव वडशाहून चार कोसांवर, वैनगंगेच्या काठी. वडील शाळेत मास्तर, शिवाय घरची थोडी धानाची शेती. गावात वीज नव्हती, रेडिओ नव्हता. फोनो आमच्या घरी आला तो हौसेनं नाही आला. तो माझ्या थोरल्या बहिणीबरोबर आला, ती विधवा होऊन परत आली तेव्हा.

तिला मी बाई म्हणत असे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर ती आलापल्लीकडे गेली होती. भाऊजी तिथे सागवानाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते आणि दोघं जंगलातच लाकडाच्या डेपोजवळ राहत. दोन वर्षं झाली आणि भाऊजींना ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं. दवाखाना लांब होता, बैलगाडी निघेपर्यंत उशीर झाला होता. मृगाच्या तोंडावर वडील जाऊन तिला घेऊन आले. गाडीतून एक पत्र्याची पेटी उतरली, मग फोनो, आणि मग लुगड्यात गुंडाळलेले सात तवे.

भाऊजींचं तेवढंच राहिलं होतं. त्यांचा फोटोसुद्धा नव्हता.

आईनं बाईला मागच्या खोलीत बसवलं. वर्ष होईपर्यंत तिनं अंगणात यायचं नाही, ओसरीवर पुरुषमाणसं असताना तर आवाजही करायचा नाही. दिवस बुडाल्यावर परसात जाऊन यायचं, तेवढीच मोकळीक. आई दुष्ट नव्हती. तिच्या आईनं, तिच्या सासूनं जे केलं तेच ती करत होती आणि करताना रडतही होती. खोलीला अंगणाकडे हातभर खिडकी होती. बाई तिथे बसून तांदूळ निवडायची. माझ्याशी बोलायची, पण विचारलं तेवढंच. फोनो माळ्यावर गेला आणि तवे कणगीमागे उभे राहिले. वर्षभर घरात गाणंबजावणं नाही, असं ठरलं.

मला ती पूर्वीची बाई परत हवी होती. लग्नाआधी ती माझी वेणी घालताना केस इतके ओढायची की मी किंचाळायचे, आणि मग ती हसायची. ते ओढणंसुद्धा आता मला हवं होतं. दहा वर्षांच्या पोरीला यापेक्षा जास्त काही कळत नाही, आणि कळलं असतं तरी मागणं हेच राहिलं असतं.

पावसाळा संपता संपता मी कणगीमागे पाहिलं, तर तव्यांवर बुरशी आली होती. पांढरी, भुरभुरीत, जुन्या लोणच्यावर येते तशी. भाऊजींचं तेवढंच राहिलं होतं आणि ते आता सडत होतं, असं मला वाटलं.

आमच्या घरात बुरशीला एकच औषध होतं. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक पडलं की सगळ्याला ऊन दाखवायचं. गोधड्या, जुने तांदूळ, डाळी, मागच्या उन्हाळ्यातली मोहफुलं, सगळं अंगणात यायचं. एक दिवस उन्हात राहिलं की सगळं बरं होतं, हे मी जन्मापासून पाहत आले होते. म्हणून आई आणि वडील धानाच्या बांधीवर गेले होते त्या दिवशी मी सातही तवे अंगणात आणले. ओल्या फडक्यानं पुसले. खाटेवर चटई टाकली आणि मोहफुलं पसरावीत तसे एकेक सुटे मांडले. गाणाऱ्या बाईचा तवा सगळ्यांत मधे ठेवला, कारण तो भाऊजींचा लाडका होता असं बाई एकदा म्हणाली होती. नातीनं शोधून काढलं ते हेच, फार जुनं गाणं. शेवटी गाणारी स्वतःचं नाव सांगायची, तशी त्या काळी पद्धत होती.

मग मी खेळायला गेले. दुपार टळल्यावर आले, तर तवे पापड भाजताना वळतो तसे वळले होते. कडा वर आल्या होत्या. मधला तर हातात धरवेना, इतका मऊ झाला होता. तवे लाखेचे असतात आणि लाख उन्हानं वितळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बांगड्यांच्या लाखेला मी शंभरदा आच दिलेली पाहिली होती, पण ही लाख आणि ती लाख एकच हे डोक्यात आलं नाही.

मी रडले नाही. मी खोटी झाले. तवे सावलीत नेले, लुगड्याच्या घड्यांत एकावर एक ठेवले आणि त्यांच्यावर कणगीजवळची तांदळाची दोन पोती ओढली. कशी ओढली ते देव जाणे. महिनाभर मी रोज त्या पोत्यांकडे पाहून जेवले. बाईसमोर जायला नको वाटायचं. ती काही विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचे. महिन्यानं काढून पाहिले तेव्हा सहा बऱ्यापैकी सपाट झाले होते. मधला तसाच राहिला.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि गावोगाव नाटकं होतात. आमच्या गावच्या मंडळाला पडदा वर जाण्याआधी वाजवायला काहीतरी हवं होतं. मास्तरांच्या घरी फोनो आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी चार माणसं ओसरीवर येऊन बसली. वडिलांना कोणाला नाही म्हणता येत नसे.

आई दारातून म्हणाली, "घरात दुखवटा आन् ओसरीत गाणं वाजवता?"

वडील म्हणाले, "अर्धाच वाजवू. चालते का नाई, तेवढं पाहू."

फोनो माळ्यावरून उतरला. मी तव्यांची चळत घेऊन उभी होते, कारण मलाच आणायला सांगितलं होतं. मी मधला तवा सगळ्यांत खाली ठेवला होता. मंडळाच्या माणसानं नेमका खालचा ओढला. चावी भरली, सुई ठेवली. नांगर ढेकळांवरून जावा तसा तो सुईचा दांडा वर-खाली जायला लागला. गाणारीचा आवाज चढायचा, पडायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. एक माणूस हसला, मग चौघंही हसले. "बाईनं मोहाची घेतली वाट्टे," कोणीतरी म्हणालं. वडिलांचा चेहरा पडला. आई म्हणाली, "अपशकुनी वस्तू आहे थे. नदीत टाकून द्या म्हणलं होतं मी." मी खांबासारखी उभी. आता कोणीतरी विचारणार, तवा कोणी बिघडवला, आणि मला सांगावं लागणार.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं आणि बाई ओसरीवर आली. दिवसाढवळ्या, चार परक्या पुरुषांसमोर. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता, पण पाय घाबरलेले नव्हते. तिनं वाकून दांडा उचलला.

"सुई गंजली आहे," ती म्हणाली. "तव्याले काई झालं नाई."

तिनं कोपऱ्यातलं जुनं सूप घेतलं, त्याची बांबूची एक कामटी मोडली, आईच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि कामटीचं टोक तिरपं कापलं. जंगलात सुया मिळत नसत, तेव्हा भाऊजी तशाच करत, हे तिनं मला नंतर सांगितलं. ती बांबूची सुई तिनं दांड्यात बसवली. मग माझ्या हातातल्या चळतीतून सनईचा तवा काढला, पाहून, निवडून. तो नीट वाजला. बांबूच्या सुईचा आवाज मऊ येतो, दूर कोणीतरी वाजवत असल्यासारखा. माणसं अर्ध्यावर थांबली नाहीत, त्यांनी पूर्ण ऐकलं. बाईही तिथेच उभी राहून ऐकत होती. आईनं तिला आत जा म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवसानंतर बाई पुन्हा मागच्या खोलीत बसली, पण पहिल्यासारखी नाही. वर्ष सरल्यावर फोनो घरात वाजायला लागला. बाई संध्याकाळी अडकित्ता घेऊन बसायची, प्रत्येक तव्याला नवं टोक कापायची. सहाच तवे वाजायचे. सातवा ती कधी काढायची नाही आणि मी कधी विचारायचे नाही. सुई गंजली होती यावर तिचा खरंच विश्वास होता, असं मी धरून चालले. तसं धरणं मला सोयीचं होतं. ती वेणी घालताना पुन्हा केस ओढायला लागली, तेव्हा तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगावं वाटायचं आणि सांगितलं की सगळं पुन्हा जाईल अशी भीती वाटायची. अशी दोन वर्षं गेली.

मग बाईनं नर्सचं शिकायला नागपूरला जायचं काढलं. घरात आठ दिवस कोणी नीट जेवलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "जाऊ दे. आमी काय जन्माले पुरणार आहो?" निघायच्या दिवशी बाईनं पेटी भरली. फोनो आणि सहा तवे तिनं माझ्या हवाली केले. सातवा लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

मी म्हटलं, "तिथी फोनो नाई. तवा कायले नेतं?"

"बाकीचे नागपुरात दुकानात भेटतीन," ती म्हणाली. "हा नाई भेटत."

वडशाच्या स्टेशनवर छोट्या लाईनची गाडी उभी होती. वडील तिकीट काढायला गेले होते. गाडी सुटली की ही गोष्ट माझ्याजवळ आयुष्यभर राहील, हे मला त्या वेळी स्पष्ट कळलं. मी खिडकीची दांडी धरली आणि एका दमात सांगून टाकलं. सुई गंजली नव्हती. तवा मीच उन्हात घातला होता. सगळेच घातले होते. मी वाट पाहत होते की ती तोंड फिरवेल.

"माहीत आहे मले," बाई म्हणाली. "खिडकीतून पाहून राह्यली होती मी."

"सगळं पाह्यलं?"

"तू खाट ओढली, पुसलं, मांडलं, सगळंच."

मला राग आला. इतकी वर्षं मी जे ओझं वाहिलं, ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "मंग मले थांबवलं काऊन नाई? एक हाक मारली असती."

तिनं फलाटाकडे पाहिलं. उन्हात कोणाची तरी धानाची पोती पडली होती.

"मलेही कुठी माहीत होतं, थे वितळते म्हून," ती म्हणाली. "मलेही वाटलं, ऊन लागन तर बरं होईन. आन् मले तं बाहेर याचं नव्हतं. म्हणलं, त्यायले तरी लागू दे."

वडील तिकीट घेऊन आले आणि मी खिडकीची दांडी सोडली.