वाया माजरी

नोकरीतले बाकीचे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले. कोणता पंचनामा कोणत्या गावचा, हे सांगता येत नाही. पण एका शर्टाच्या खिशातून निघालेलं रेल्वेचं तिकीट अजून डोळ्यांपुढं जसंच्या तसं आहे. मी सातवी शिकलो. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिणं माझं काम नाही. पण हे लिहायचं राहिलं तर बरं होणार नाही, म्हणून बसलो. नावं कोणाचीच घेत नाही.

आपल्या जिल्ह्यात पुसद-आर्णीकडच्या माणसाला रेल्वे म्हणजे एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पकडायची चीज. मी मात्र तेव्हा वणी भागातल्या एका ठाण्यात होतो, आणि वणीला स्टेशन आहे. नागपूरहून माजरी, वणी, आदिलाबाद, किनवट अशी ती गाडी नांदेडला जाते.

एका रविवारी दुपारी वणीतल्याच एका निवृत्त बाबूजीच्या घरी चोरी झाली. सगळे मारेगावला हळदीला गेले होते. परत आले तर मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, कपाटातल्या पाटल्या आणि गोफ गायब. फिर्याद दाखल झाली. ठाणेदार साहेबांनी तपास माझ्याकडं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजीच्या गल्लीतला पानठेलेवाला आपणहून ठाण्यात आला.

"जमादार साहेब, सांगू का नोको समजत नाही. पण बाबूजीच्या जावयाले म्या काल पाह्यलं. तीन वाजता. खांद्यावर बॅग घेऊन स्टेशनकडं झपाझप चालला होता."

जावई नांदेडचा, विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करणारा. पोरीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलेलं, म्हणून बाबूजीचा राग. चोरीचं ऐकून नवरा-बायको दोघं वणीला आले, आणि मी जावयाला चौकशीला बसवलं. बाबूजी तिथंच बाकावर बसून होते. फिर्यादी म्हणून मी त्यांना उठवलं नाही. ती माझी चूक.

"रविवारी कुठं होता?"

"नागपूरला, साहेब. तांब्याची तार आणायला गेलतो. सकाळी तिथून निघालो, नांदेडला गेलो."

"वणीवरून?"

"नाही. वर्धा-बडनेऱ्याकडून. अकोल्याला गाडी बदलली."

पंचांसमोर झडती घेतली. शर्टाच्या खिशात रविवारचं तिकीट निघालं. नागपूर ते नांदेड, आणि त्यावर छापलेलं: वाया माजरी. म्हणजे वणीची वाट.

"मग हे तिकीट काय बोलून राह्यलं?"

"ते मला नाही माहीत. म्या अकोल्यावरूनच गेलो."

बाकावरून बाबूजी म्हणाले, "मी पयलेच म्हटलं होतं. फुकट्या आहे हा फुकट्या."

जावयानं मान खाली घातली. मोबाईल तेव्हा त्यांच्या घरात एकच, तोही बायकोजवळ नांदेडला होता. अकोल्याला कोणी ओळखीचं भेटलं का, तर नाही. साहेब म्हणाले, "झालं तर. उद्या कोर्टात उभा करा, कोठडी मागू."

बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती. मला पाहून उठली. "काका, बाबा म्हणतात त्याले सोड, नाही तं माह्या दारात पाय ठेवू नोको. मी काय करू?" मी म्हटलं, "बाई, कागद आहे त्याच्या विरुद्ध." ती म्हणाली, "कागद नीट वाचला का तुम्ही?"

वाचला होता. पण एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस हातातल्या कागदाला धरून बोलते. याला सोपं होतं, वणीवरून गेलो पण उतरलो नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं. हा कागदाच्या उलट बोलत होता, अन् तीनदा विचारलं तर तीनदा तेच.

दुपारी जेवायला घरी गेलो. माझ्या बायकोचं माहेर किनवट, ती सारी लाइन तिच्या पायाखालची. भाकर वाढत होती तेव्हा मी सहज विचारलं, "तिकीट माजरीचं असलं तर अकोल्याकडून जाता येते का वो?"

"जाता येते की. टीसी भेटला तं पावती फाडते, न भेटला तं कोणी विचारत नाही."

"काहून फाडते? तिकीट तं नांदेडचंच आहे."

"नांदेडचं असून काय करता? तिकीट गावाचं नसते, वाटेचं असते. वाट बदलली का फरक भरा, वरून दंड भरा."

"तुले कसं माहीत?"

तिनं भाकरीची टोपली बाजूला सारली. मग सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून घडी केलेली एक पावती निघाली. भावाच्या पोराच्या साखरपुड्याला ती नागपूरहून नांदेडला गेली होती, तेव्हाची. तिकीट माजरीचं, पण समोर जी गाडी लागली तिच्यात बसली, आणि बडनेऱ्याच्या पुढं टीसीनं धरली.

"हे पाहा, यावर त्यानं माह्या तिकिटाचा नंबर घातला. खाली कारबन होता, एक पान त्याच्या पुस्तकात राह्यलं."

"एवढ्या वर्षांत मले काहून नाही सांगितलं?"

"पोलिसाची बायको टीसीनं धरली म्हणून तुम्ही गावभर हसवत फिरले असते."

खरं होतं. हसवत फिरलोच असतो. भाकर तशीच ठेवून मी उठलो.

या वेळी जावयाला एकट्याला बसवलं, चहा दिला. "टीसीनं धरलं होतं का तुले?"

त्याचे डोळे भरले. "सासऱ्यापुढं कसं सांगू साहेब? ते आधीच फुकट्या म्हणतात. पावती म्या रागानं खिडकीतून फेकली."

कोठडीत जायला तयार होता माणूस, पण सासऱ्यापुढं विनातिकीट ठरायला तयार नव्हता. जावयाचा मान असा असते.

साहेबांकडून एक दिवस मागून घेतला, पत्र घेतलं आणि अकोला गाठलं. तिथल्या रेल्वे कचेरीत टीसीची पुस्तकं पाहू दिली. रविवारच्या गाडीत, मूर्तिजापूरच्या पुढं फाडलेली एक पावती. तिच्यावर आमच्या तिकिटाचाच नंबर. तो टीसीही भेटला. म्हणाला, "आठवते ना. तारेचं बंडल होतं त्याच्याजवळ. लई भांडला. म्हणे, नांदेडचं तिकीट काढलं, नांदेडलाच चाललो, मधात कुठून जातो याच्याशी तुम्हाला काय करायचं?"

मी त्याला विचारलं, असं सगळीकडंच आहे का. त्यानं समजावलं. काही ठिकाणी रेल्वेनं दोन्ही वाटा मंजूर केलेल्या असतात, तिथं एका तिकिटावर कुठूनही जा. नाही तर तिकिटावर लिहिली तीच वाट. लांबच्या वाटेनं गेलं का फरक लागते. खिडकीवर आपण गावाचं नाव सांगतो, वाट कोणी सांगत नाही.

त्या दिवशी तीन वाजता ती गाडी मूर्तिजापूर-अकोल्याच्या मधात होती. मग पानठेलेवाल्यानं तीन वाजता गल्लीत कोणाला पाह्यलं? त्याला बोलावून शर्टाचा रंग विचारला. आधी पांढरा म्हणाला, मग निळा, मग पाणी मागितलं. बाबूजीच्या घरचे सारे ऑटोत बसून हळदीला जाताना त्यानंच पाह्यले होते. पाटल्या आणि गोफ ठेल्याखाली, कात भिजवायच्या मडक्यात निघाले.

बाबूजी ठाण्यात आले. पोरगी म्हणाली, "बाबा, म्हणा आता काही." बाबूजीनं दोनदा घसा साफ केला. "चला जावईबापू, घरी जेवाले." जावई म्हणाला, "जेवतो. पण जाताना नांदेडचं तिकीट तुम्हीच काढा, अन् वाट वाचून घ्या." बाबूजी हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

फिर्यादीसमोर संशयिताला विचारू नये, हे मी तेव्हा शिकलो. माणूस गुन्हा लपवते त्यापेक्षा जास्त लाज लपवते. कागद खोटा नव्हता, पण कागदाला अर्धंच माहीत होतं.

साहेबांनी पाठ थोपटली, बक्षिसासाठी नाव पाठवलं. केस डायरीत मी लिहिलं, गोपनीय बातमीदाराकडून माहिती मिळाली. मी अकोल्याला निघालो तेव्हा बायको दाराआड पावती परत डब्यात ठेवत होती. म्हणाली, "माहं नाव नोका घालू, लोक हसतील."

बातमीदाराचं नाव सांगायचं नसते, म्हणून मी कधी सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता तिला कोणी हसणार नाही. डबा माझ्या उशाशी आहे. पावतीवरची शाई पार उडाली, नंबर वाचता येत नाही. घडी मात्र तिनं घातली तशीच आहे.