लॅबमध्ये परत आलेल्या फाइली

डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली की फाइलींपेक्षा धक्केच जास्त साठतात! अनगोळातल्या आमच्या लॅबमध्ये मारुतीअण्णा बिघडलेल्या डिस्कमधून गेलेला डेटा काढतात. ते कसं होतं, लोकांनी काय करावं, याची मराठीत गाईड लिहायची हे माझं काम. पद टेक्निकल रायटर. आई सांगते, "पोरगी कॉम्प्युटरचं लिवत्या."

*

वडगावचे एक विणकर काका हार्डडिस्क घेऊन आले. साड्यांची सगळी डिझाइनं तिच्यात आणि तिच्यावर पाणी सांडलेलं. अण्णांनी हातात घेतली तर खालून काळी!

"काका, हे काय?"

"गाईडमध्ये लिवलंय न्हवं, आधी कोरडी होऊ द्या. तव्यावर ठेवली. मंद आचेवर हां, करपू दिली न्हाय!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आता आमच्या गाईडमध्ये 'तवा' हा शब्द आहे.

*

चिकोडीहून एका सरांचा फोन. "मॅडम, तुम्ही लिहिलंय तसं केलं. पेन ड्राइव्ह दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवस झाले, फाइल काय आली न्हाय!"

मी लिहिलं होतं, 'सापडलेली फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.'

*

माझाच लॅपटॉप बंद पडला. आत 'बॅकअपचं महत्त्व' हे अख्खं प्रकरण. बॅकअप नव्हता! अण्णांना विचारलं, आता काय करू?

"गाईड वाचा की. लई चांगली लिवलीया."

*

निपाणीच्या एका फोटोग्राफरकडून साखरपुड्याच्या फोटोंचं मेमरी कार्ड फॉरमॅट झालं, सगळं पुसलं. तो मुलीच्या वडिलांनाच सोबत घेऊन आला. पुसलेले फोटो काढताना त्याच कार्डावरचे आधीचे, जुनेही वर येतात. स्क्रीनवर एक लग्न आलं. नवरदेव हसत होता.

"ह्ये तर आमचं जावई!" मुलीचे वडील उठून उभे राहिले. "आन् शेजारी बाई कोण?"

ते फोटोग्राफरकडं वळले. "ह्ये लगीनबी तूच काढलंस?"

"व्हय आप्पा. गेल्या सालचं. आपलं काम फोटो काढायचं..."

आप्पांनी तिथूनच घरी फोन लावला. आवाज एकदम शांत होता. "मंडपवाल्याला न्हाय म्हणून सांग."

*

खानापूरकडच्या एक बाई नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन आल्या. नवरा वारून दोन महिने झाले होते. म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी घाईनं कायतरी डिलीट केलतं. तेवढंच काढा."

अण्णा तीन दिवस खपले. एकच फाइल निघाली, आवाजाची. अकरा मिनिटांची.

बाईंनी हेडफोन लावून उभ्या-उभ्याच ऐकली. चेहरा हलला नाही. हेडफोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता पुसा. तुमालाबी परत मिळू नये अशी."

"आक्का!" अण्णांच्या तोंडून एवढंच निघालं.

"पुसा."

पुसून होईपर्यंत त्या स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"ती गाईड तुम्ही लिवलीया?"

"हो."

"डिलीट केलेलं परत निघतंय, त्ये त्यातच वाचलं मी," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलं न्हवतं."