उलट्या काखेचा अंगरखा

मेलेल्या माणसाचा हेवा कधी केला आहे तुम्ही? मी करतो. भद्रकालीतला हसन दर्जी जाऊन पाच आठवडे झाले, तरी माझा हेवा काही त्याच्याबरोबर गेला नाही.

बातमी आली तेव्हा मी छापखान्यात मुद्रिते तपासत होतो. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "तुमचा हसन गेला हो. विषमज्वर..." मी पुढची ओळ तपासली, मग तीच पुन्हा तपासली. दुपारी गेलो तर गल्लीतल्या सगळ्या दर्ज्यांनी आणि शिंप्यांनी यंत्रे बंद ठेवलेली. खांदा द्यायला इतकी माणसे, की मी शेवटपर्यंत मागेच राहिलो. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो हा, की माझ्यामागे एवढे कोण येईल? तेवढ्यात शेजारचा एक जण कुजबुजला, "नाटकातल्या सरदाराला ज्याने मुसलमानी अंगरखा घातला, तोच ना हा?" तेच एक वाक्य हसनच्या नावाला चिकटले आहे. ते खोटे आहे. ते खोटे कुणामुळे पसरले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मराठी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी पत्रके लिहू लागलो, तो वडिलांच्या, करीमचाचांच्या, दुकानात बसला. इतर दर्जी अंगावरून माप घेत, हसन जुन्या कपड्यांवरून घेई. कुणाच्या पेटीत पणजोबांचा अंगरखा आहे असे कळले, की हा सिन्नरला जाई, पिंपळगावला जाई, हातापाया पडून चार दिवसांसाठी तो मागून आणी. मग एकेक टाका उसवायचा, तुकडे कागदावर पसरायचे, पेन्सिलीने कडा उतरवून घ्यायच्या, आणि पुन्हा शिवताना सुई जुन्याच भोकांतून घालायची. मालकाला पत्ता लागत नसे. "जुन्या माणसाने कापड कसं वाचवलंय बघ," तो म्हणे, "चिंधीसुद्धा वाया नाही. नाहीतर तू! दोन ओळींच्या बोलण्याला चार पानं." एवढा मोठा कागद त्याला परवडत नसे. म्हणून माझी न खपलेली पत्रके तो खळीने जोडी आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर आराखडे काढी. "पत्रकवाल्या, तुझं लिखाण अखेर कुणाच्या तरी अंगाला बसलं," असे म्हणून हसे. मीही हसे. पण आतून जळत असे. मी लिहिलेल्या पत्रकांनी एक माणूस हलत नव्हता, आणि त्याच्या आराखड्याने दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस समोर उभा राहत होता.

आमच्या मंडळाने ऐतिहासिक नाटक बसवले, ते मी लिहिलेले. पोशाख हसनकडे. तालमीला येणारा प्रत्येक जण आधी त्याच्या दुकानात डोकावे, संवादाची चौकशी कुणी करीना. सरदाराच्या अंगरख्यासाठी मंडळाने जरीचे कापड आणले होते. एकाच अंगाने चमकणारे, आणि बरोबर एका अंगरख्यापुरते. कापायच्या दिवशी शुक्रवार. हसन नमाजाला निघाला आणि म्हणाला, "मी आल्यावर कापू. तोवर कशाला हात लावू नकोस, बाबा." मी लावला. मलाही हे जमते हे त्याला दाखवायचे होते. छातीचा कागद कापडावर ठेवला, तो छापील बाजू वर करून. वर माझा मजकूर असावा आणि खाली त्याच्या रेघा, असे मला वाटले. दुसरे काही कारण नव्हते. कडेने खडू फिरवला, कातर चालवली. अंगरख्याची छाती एकाच बाजूने दुसऱ्या बाजूवर येते, त्यामुळे कागद पालटला की बंदही पालटतात. आपल्याकडे हिंदू एका काखेत बंद बांधतात, मुसलमान दुसऱ्या काखेत; आणि आमचा सरदार हिंदू.

हसन परत आला. कापडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. पालटून शिवावे तर जरीची पाठ वर येणार. त्याने तुकड्यावरून एकदा हात फिरवला. "खेळ रविवारी आहे," एवढेच म्हणाला, आणि शिवायला बसला.

रविवारी दुपारी पडदा उघडला. सरदार बोलण्याआधीच टाळी पडली, ती अंगरख्याला. माझे पहिले वाक्य कुणाला ऐकूच आले नाही. विंगेत उभा राहून मी ओठ चावला. तोच पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून ओरडले, "अहो, बंद कुठल्या काखेत? सरदार बाटला की काय?" सगळे थिएटर हसले. मागून कुणीतरी म्हणाले, "दर्जी कोण आहे ते बघा ना!" मंडळाच्या चिटणीसांनी आत येऊन हसनला विचारले, "हे काय केलंस रे?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हसन म्हणाला, "कातर माझ्या दुकानातली आहे, साहेब."

तेव्हा मी बोलायला हवे होते. बोललो नाही, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. त्याच्या टाळीचे हसे झाले म्हणून बरे वाटले. ज्या कागदाने त्याला बुडवले त्यावर मी हिंदु-मुसलमानांनी भाऊ म्हणून राहावे असे छापले होते!

त्यानंतर नाटकाचे काम त्याला कुणी दिले नाही. तो कोट आणि सदरे शिवत राहिला. एकदा मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो सगळ्यांना." तो म्हणाला, "सांग की. मी कुठं नको म्हणतोय?" म्हणजे तो माझी वाट बघत होता. दोन वर्षे वाट बघितली त्याने. मी रोज नवे पत्रक लिहीत होतो, आणि हे चार शब्द तेवढे राहिले.

गेल्या शुक्रवारी करीमचाचांपुढे जाऊन सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बेटा, मला माहीत होतं. माझा पोरगा कागद उलटा ठेवील होय? पण मला माहीत असून काय उपयोग?"

मित्रांनो, त्या रविवारी तुम्ही हसला असाल, किंवा ती गोष्ट पुढे चार जणांना सांगितली असेल, तर भद्रकालीत जा. करीमचाचा सकाळपासून दुकानात असतात. उंबऱ्यातच उभे राहा, आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "चाचा, चूक हसनची नव्हती." आणि कुणाची, असे कुणी विचारले, तर ते नाटक लिहिणाऱ्याचे, म्हणजे माझे, नाव सांगा.