पिन तीच, केबल चुकीची

"बहिरी झालीय ती! इतकी वर्षं लूमवर काढलीत. उद्यापासून नको मला."

मॅनेजर माझ्यादेखत सुपरवायझरला सांगत होता. सुरेखाताई तिथेच उभ्या होत्या. दापोड्याच्या त्या गोडाऊनमध्ये नुकतंच फायर ड्रिल झालं होतं. स्पीकरवरून 'बाहेर पडा' सांगितलं, सगळे बाहेर आले. मागच्या टोकाला एकट्या पॅकिंग करणाऱ्या सुरेखाताई आतच राहिल्या.

"साहेब, माझे कान चांगले हायेत. आवाजच न्हाय आला. नुसती टिकटिक झाली."

टिकटिक ऐकून मी चरकलो. ती साउंड सिस्टिम मीच बसवली होती.

पुढचे स्पीकर ऑफिसला लागूनच आहेत. मागच्या टोकाच्या अँप्लिफायरपर्यंत मात्र आवाज डिजिटल जातो, म्हणजे आकडे होऊन. साध्या आवाजाला माइकची केबल चालते. लांब गेला तर थोडा दबतो, एवढंच. डिजिटलला वेगळी केबल लागते. लांबवर चुकीची टाकली की टिकटिक, नाहीतर ठार शांतता. आणि दोन्ही केबलना टोकं सारखीच, तीन पिनांची!

मी लिस्टमध्ये डिजिटल केबल लिहिली होती. या मॅनेजर महाशयांनी माइकची आणली. "पिन बसतेय ना? फिर क्या प्रॉब्लेम है?" मी भांडलो, मग हात टेकले. टेस्टिंगही ऑफिसातच उभं राहून केलं. मागे जाऊन ऐकायचा कंटाळा केला. ही माझी चूक, कबूल.

पण खापर त्या बाईच्या कानांवर? अहो, लूमच्या खडखडाटात कुठला माग बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून ओळखतात ही माणसं! माझं डोकंच फिरलं.

"साहेब, तुम्ही जरा ताईंच्या टेबलापाशी उभे राहा," मी म्हणालो. "ऑफिसातून सांगितलं की बाहेर या."

"त्याने काय होणार?"

"उभे तर राहा!"

मी माइकवर तीनदा ओरडलो. सगळं गोडाऊन पुन्हा बाहेर आलं. साहेब आले नाहीत. सुपरवायझर बोलवायला गेला, तर कंबरेवर हात ठेवून विचारतात, "अजून सुरू का नाही केलं?"

त्याच दिवशी केबल बदलली. सुरेखाताईंची नोकरी राहिली. माफीचा एक शब्द काही त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही.

आता मी टेस्टिंगला आधी मागच्या टोकाला जातो. आणि तिथे काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही करत नाही.