कप्तानांना न आठवलेलं वाक्य

कप्तानांचं पाठांतर दांडगं. विमानातल्या बिघाडांची जाडजूड पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती आणि त्याचा तोराही काही कमी नव्हता. पाठीमागे सगळे त्यांना 'पोपटराव' म्हणत. बिघाड झाला की पुस्तिका उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचायची, असा नियम. कप्तानांच्या मते तो नवशिक्यांसाठी होता.

त्या दुपारी समुद्रावर असताना डाव्या टाकीतलं इंधन उजवीपेक्षा भराभर कमी व्हायला लागलं. शेजारी बसलेली को-पायलट नोकरीत नवी होती, कायम व्हायला दोन महिने राहिलेले. ती म्हणाली, "सर, आधी गळती आहे का बघू या. पुस्तिका काढते."

"राहू दे," म्हणत कप्तानांनी दोन्ही टाक्या जोडणारा व्हॉल्व्ह उघडला. टाक्या समतोल करायचा उपाय त्यांना पाठ होता. त्याच्या वरची, गळती तपासायची ओळ तेवढी घाईत गळली. डाव्या इंजिनापाशी नळी फुटली होती, आणि आता उजवीकडचं चांगलं इंधनही तिथूनच बाहेर पडू लागलं. वीस मिनिटांनी उजवा आकडाही घसरलेला दिसला. पोरीने न विचारता पुस्तिका उघडली आणि वाचत गेली. व्हॉल्व्ह बंद, डावं इंजिन बंद. उरल्यासुरल्या इंधनावर कप्तानांनी तासाभराने जवळच्या विमानतळावर विमान अलगद उतरवलं. दीडशे माणसं आपल्या पायांनी घरी गेली.

चौकशीत प्रश्न आला, को-पायलटने हटकलं होतं का? ती सांगत होती, हटकलं होतं. पण कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या त्या जुन्या यंत्रात शेवटचा अर्धा तासच उरायचा, आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. कप्तानांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. ते म्हणाले, "आठवत नाही."

को-पायलट गप्प राहिली, असं अहवालात आलं. कप्तानांना समज मिळाली, तिची नोकरी गेली. पुढे कोणी तिला विमानात घेतलं नाही.

सहा वर्षं तिचं ते वाक्य कप्तानांना रोज जसंच्या तसं ऐकू येत होतं. माणूस भित्रा निघाला, दुसरं काय! शेवटी खरं काय ते लिहून, खाली सही करून ते तिच्या घरी गेले. ती आता गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिने त्यांना पाणी दिलं, कागद सावकाश वाचला. हा उद्याच चौकशीवाल्यांकडे देतो, तुझ्यावरचा डाग धुऊन निघेल, असं कप्तान सांगत राहिले.

"द्या," ती म्हणाली. "पण बाबा गेले हो मागच्या वर्षी. ते शेवटपर्यंत म्हणायचे, बाळा, तू नुसतं तोंड उघडलं असतंस तर..."

कागदाची घडी घालून तिने तो त्यांच्या हातात ठेवला. आतल्या खोलीत मुलं खोळंबली होती, म्हणून ती उठली.