दुखवट्याला बसून राहिलेली बाई

शालन सोनुले मंडळावर गेली ती एक खुर्ची भरायची होती म्हणून. बायकांच्या राखीव जागांचा कायदा झाला आणि कोल्हापूरच्या कडेनं वाढलेल्या चार उपनगरांना पाणी पुरवणाऱ्या त्या लहानशा मंडळाला एकाएकी एक बाई लागली. तीही राखीव वर्गातली. अध्यक्ष बाळासो खाडे स्वतः वस्तीत आले, दारातल्या बाजेवर बसले, पाणी नको म्हणाले, चहा मात्र घेतला. चहा त्याच पाण्याचा होता, पण उकळलेला.

"वयनी, काम काय न्हाय. म्हैन्याला एक सभा. यायचं, बसायचं."

"आन बोलायचं कवा?"

"बोलायला आमी हाय की!"

शालनचं माहेर जयसिंगपूरचं, बाप तिथं बाजारात हमाल. सातवीपर्यंत शिकली, लग्न होऊन एसटीच्या वर्कशॉपमधल्या बाबासोच्या घरी आली, आणि दारात शिलाई मशीन टाकून वस्तीतल्या बायकांची पोलकी शिवू लागली. मानासाठी मंडळावर जाणारी ती बाई नव्हती. ती तयार झाली ती चावीसाठी.

कोल्हापुरात नळाला चावी म्हणतात. वस्तीच्या तोंडाला एक नळकोंडाळं होतं. कुठल्याशा निवडणुकीआधी बांधलेलं, चुना फासलेलं, चार चाव्यांचं. पाइपही जोडलेला होता. मंडळानं सगळं दिलं होतं, पाणी तेवढं राहून गेलं होतं. पाणी वरच्या कॉलनीकडं जायचं आणि वस्तीच्या वाट्याला पाइपातली हवा यायची. पहाटे पंप सुरू झाला, की चाव्या लांब उसासा टाकत. दम्याचा माणूस उशीवर उठून बसतो, तसा.

उसासा ऐकला, की समोरच्या दारातून तानाबाई हाक द्यायची, "आलं का गं, शालन?"

"न्हाय मावशी. वारं हाय."

"वाऱ्याला तरी लाज वाटू दे की!" म्हणत तानाबाई घागर उचलायची आणि वस्तीमागच्या खणीकडं चालू लागायची. दगड काढून काढून पडलेला तो खोल खड्डा, त्यात साठलेलं हिरवं पाणी, आणि उतरायला कुणी तरी कधी तरी फोडलेल्या पायऱ्या. रोजचं हेच. शालनचं लग्न झाल्यापासून या प्रश्नोत्तरात एका शब्दाचा फरक पडला नव्हता.

मंडळाचं कार्यालय मंगळवार पेठेत, एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. पहिल्याच सभेत शालननं विषय दिला, वस्तीच्या कोंडाळ्याला स्वतंत्र लाइन. सेक्रेटरींनी तो आदरानं लिहून घेतला आणि विषयपत्रिकेत शेवटी टाकला. पहिला विषय दुखवट्याचा. गेल्या महिन्यात कुणी मान्यवर वारलं असेल, तर सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मृताच्या मानार्थ सभा तहकूब करायची. ही प्रथा कुठल्या नियमात नव्हती. प्रथा चालू असल्यामुळं नियमाची गरज पडली नव्हती.

त्या महिन्यात एक निवृत्त हेडमास्तर गेले होते. शालन सगळ्यांबरोबर उभी राहिली, डोळे मिटले, हेडमास्तरांबद्दल तिला खरंच वाईट वाटलं. पुढच्या सभेला एक जुने पैलवान गेले होते. त्यापुढं दूध संस्थेचे माजी संचालक. एकदा शहरात कुणीच गेलं नव्हतं, तेव्हा शिरोळकडचे एक माजी सरपंच कामाला आले. त्यांनी उभ्या जन्मात या मंडळाचं पाणी प्यायलं नव्हतं.

मेलेली माणसं शोधून आणायचं काम आण्णांचं. आण्णा मंडळावरचे सगळ्यात जुने सभासद. तरुणपणी कुस्तीत कान मोडलेले, मिशा पांढऱ्या, शहरात कोण कधी आणि कशानं गेलं ते त्यांना तोंडपाठ. त्यांच्याकडं मंडळाचं कुठलं खातं, असं कुणी विचारलं असतं, तर मयतीचं असंच सांगावं लागलं असतं.

आता, मान्यवर तर दर महिन्याला मरतातच. पण कॉलनीच्या नव्या टाकीचा विषय होता त्या सभेत दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर "मृतात्म्यास शांती लाभो" म्हणत सगळे खाली बसले आणि टाकी मंजूर करून उठले. मेलेला माणूस सभा कधी थांबवतो आणि कधी चालू देतो, याचा शालनला काही केल्या मेळ लागेना.

तो बाबासोनं लावून दिला. एका संध्याकाळी तो दुधाच्या कट्ट्यावर गेला होता. म्हशी दारात उभ्या, समोर धार काढून ग्लास हातात, आणि भोवती गप्पा हाणणारे पुरुष. तिथं मंडळाचे सगळे सभासद ओठावर पांढरा फेस घेऊन उभे होते.

"अगं, सभा तितंच हुती," तो घरी येऊन म्हणाला. "उद्या वखारीत जी व्हनार ती नुसती नक्कल. काय घ्यायचं, काय ठिवायचं, समदं कट्ट्यावर. आन बाळासो आण्णास्नी इचारत हुता, 'या बारीला कोन हाय?' मला वाटलं, पावणं कोन येनार हायत!"

कट्ट्यावर बायका नसतात. त्यामुळं शालनला प्रत्येक सभेला वेळेवर पोचूनही उशीरच व्हायचा. बाळासोंचं गणित साधं होतं. वस्तीला लाइन दिली, तर कॉलनीचा दाब कमी होणार, आणि कॉलनीत त्यांचे सोयरे आणि मतं. नाही म्हटलं, तर वस्ती तुटणार. नाही म्हणणारा माणूस निवडणुकीत पडतो, तहकूब करणारा पडत नाही. आणि मृताच्या मानार्थ तहकूब करणाऱ्याला तर लोक वर सज्जन म्हणतात.

तेव्हापासून शालनला पेपर उघडायची धास्ती वाटू लागली. बाबासो आधी कुस्तीचं पान काढायचा, ती निधनवार्तांचं. कुणाचा गंधटिळा लावलेला फोटो दिसला, की सभेला किती दिवस उरले ते ती मोजायची. गेलेल्या माणसाचं वाईट वाटायचं सोडून त्याचा राग यायचा, आणि मग त्या रागाची शरम. हेडमास्तर, पैलवान, संचालक, सरपंच, सगळे जणू तिच्या घरी राहायला आले होते. मशीनवर बसली, की पाठीमागं कुणी तरी हात जोडून उभं आहे असं वाटायचं. वळून बघावं, तर खुंटीवर लोकांची पोलकी.

त्या वर्षीच्या चैत्रात खण बरीच आटली. पाणी खाली गेलं, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. कायम पाण्यात राहिलेल्या, शेवाळानं बुळबुळीत झालेल्या.

"आलं का गं, शालन?"

"न्हाय मावशी, वारं हाय. पर ह्या सभंत लाइनचं तडीला लावतोच बघ."

"लाव बाई. तवर मी वाईच खणीस्नं येतो."

घागर आधी सापडली. तोंड वर करून पाण्यावर तरंगत होती. तानाबाईला काढायला दुपार झाली. तिचा मुलगा जोतीराम फौंड्रीतून तसाच काळ्या हातांनी आला आणि काठावर उकिडवा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे चाव्यांनी उसासा टाकला. समोरचं दार बंद होतं. शालन अंथरुणातूनच म्हणाली, "न्हाय मावशी, वारं हाय." मग आपण कुणाला बोललो हे तिला कळलं, आणि तिनं पदर तोंडात धरला.

सभा त्याच आठवड्यात होती. शालननं मनाशी एक वाक्य तयार केलं. आजवर इतक्यांसाठी उभी राहिले, आता एकदा तानाबाईसाठी सगळ्यांनी उभं राहायचं. या मंडळाच्या दुखवट्यावर तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा होता? वाक्य तिनं पुन्हा पुन्हा घोकलं. आदल्या संध्याकाळी बाबासो कट्ट्यावरून खुशीत आला.

"तुला सांगायची पाळीच न्हाय. ते आपनहून घेनार हायत मावशीचा दुखवटा. बाळासो म्हनला, 'वयनीस्नी बरं वाटंल.'"

शालननं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "आन मग?"

"मग काय? उभं ऱ्हायाचं."

"आन मग?"

बाबासोच्या आत्ता ध्यानात आलं. तो चप्पल काढता काढता थांबला. "मग... तहकूब."

वखारीच्या माडीवर त्या दिवशी बाळासोंचा आवाज चांगलाच ओला झाला होता. "आपल्याच परिसरातल्या एक कष्टाळू माउली," ते म्हणाले, "पाण्यासाठी गेल्या आणि परत आल्या न्हाईत. सेक्रेटरी, लिवा. श्रीमती तानाबाई..." ते अडले. तानाबाईचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. "श्रीमती तानाबाई यांच्या दुःखद निधनाबद्दल हे मंडळ एकमतानं..."

खुर्च्या मागं सरकल्या. सगळे उठले, माना खाली गेल्या.

शालन बसून राहिली.

खाली वखारीत करवत चालू होती. ती थांबली, परत सुरू झाली. पाय आपणहून उठतील या भीतीनं शालननं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती. तिला समोर मंडळ दिसत नव्हतं. खणीच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि पायरीवरून वर बघणारी तानाबाई. सगळी उठली, तू गं का बसलीस?

"वयनी," बाळासो डोळे किलकिले करून पुटपुटले. "दुखवटा हाय."

"ठाव हाय."

"तुमच्याच बाईचा हाय."

"म्हनूनच. ती उभी ऱ्हाऊ देईना मला."

सेक्रेटरी अध्यक्षांच्या कानाशी लागले. माडी लहान होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, 'एकमताने' असं सकाळीच टाइप केलंय. आणि एक बाई बसल्या आहेत."

"मग?"

"एकमत नाही, तर ठराव नाही. ठराव नाही, तर तहकुबी कशाच्या मानार्थ लिहायची?"

दुखवट्याला विरोध, असला प्रकार मंडळात कधी घडला नव्हता. सभासद तसेच उभे होते. बसावं, तर मेलेलीचा अपमान. उभं राहावं, तर किती वेळ? अखेर आण्णाच मटकन खाली बसले. त्यांनी आयुष्यभर दुखवटे आणले होते, पण ते सगळे वेळच्या वेळी मिटले होते. अर्धवट राहिलेला हा पहिलाच. ते आजूबाजूला बघू लागले, कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खुर्चीकडं जरा जास्तच.

"बाळासो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मयत बोलावली आन वाटंला लावली न्हाय. म्हंजे ती अजून हितंच हाय."

"आण्णा, कायतरीच काय..."

"कायतरी न्हाय! द्या त्या बाईला काय लाइन द्यायची ती, आन सोडवा आमास्नी. मला जिना उतरायचा हाय, आन तो बी उजेडात."

शेवटचा विषय पहिला घेण्यात आला. कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोल्हापूरच्या उपनगरांचं पाणी अभियांत्रिकीवर, लोकसंख्येवर आणि न्यायावर ठरतं असं मंडळाच्या अहवालात छापलेलं असे. त्या दिवशी ते आण्णांच्या भीतीवर ठरलं. एरवी ते दुधावर ठरायचं.

तानाबाईच्या जलदान विधीला पाणी बाळासोंनी धाडलं. मंडळाचा टँकर वस्तीत आला, तेव्हा लोक गहिवरले. शालन पांढरं लुगडं नेसून मांडवात गेली. कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती जिथं बसली तिथली सतरंजी मात्र हळूहळू मोकळी होत गेली. विधी झाल्यावर जोतीराम समोर आला.

"काकी, अध्यक्षानं टँकर धाडला. सगळं मंडळ माझ्या आईसाठी उभं ऱ्हायलं म्हनं."

"व्हय."

"आन तू?"

शालननं तोंड उघडलं. ती उभी राहिली असती तर काय झालं असतं, हे सांगायला कट्टा, आण्णा, सरपंच, सगळं सांगावं लागलं असतं. "पानी येईल रं," एवढंच ती म्हणाली.

"पानी मागितलं न्हाय मी. दोन मिनटं मागत हुतो."

पाणी आलं, पुढच्या उन्हाळ्याच्या आत. कोंडाळ्यावर झुंबड उडाली, घागरींवर घागरी आपटल्या, बायका ओरडल्या, हसल्या. शालनची मुदत संपली आणि खुर्चीवर दुसरी बाई गेली. तिलाही बाळासोंनी फक्त बसायचं असतं असं सांगितलं. पण म्हणे, सांगताना ते जरा चाचरले.

पाण्याच्या आधी हवा अजून यायचीच. पहाटे चाव्या उसासा टाकत, आणि शालन जिथं असेल तिथं उभी राहायची. तव्यावरची भाकरी करपायची. बाबासो सुरुवातीला म्हणायचा, "अगं, आता येतंय की पानी." नंतर तो उलथनं घेऊन भाकरी उलटू लागला. हवा संपून पाण्याची धार पडली, की शालन समोरच्या दाराकडं बघून "आलं गं" म्हणायची आणि खाली बसायची. जोतीराम घागर भरायचा तो मान वळवून. अशी बरीच वर्षं गेली.

दोन हजार पाचच्या महापुरात पंपघर बुडालं. शहराभोवती जिकडंतिकडं पाणी आणि चाव्या मुक्या. उसासाही नाही. शालन रोज पहाटे जागी व्हायची, कान देऊन पडायची, आणि काही ऐकू येत नाही हे त्या उसाशापेक्षा जास्त छातीवर बसायचं. मावशी गेली ती आता खरी, असं तिला वाटू लागलं.

पूर ओसरला. एका पहाटे पाइपात काही तरी खरवडल्यासारखं झालं, आणि चाव्यांनी लांब, ओला उसासा टाकला. शालन उठून दारात आली. समोरचं दार उघडं होतं. अंधारातून हाक आली, तीच, त्याच सुरात, शेवटी जराशी वर जाणारी.

"आलं का गं?"

शालननं चौकट धरली. मग दिसलं, उंबऱ्यात जोतीराम होता, हातात बादली. आईचा सूर आपल्या गळ्यातून निघाला हे बहुधा त्यालाही आत्ताच कळलं असावं, कारण तो स्वतःच दचकला होता.

"न्हाय," ती म्हणाली. "वारं हाय. वाईच उभा ऱ्हा."

तो उभा राहिला. बादली घेतलेला माणूस तसाही उभाच असतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. पण त्यानं बादली खाली ठेवली आणि मान वाकवली. चाव्या श्वास सोडत राहिल्या, लांब, आणि आणखी लांब, आणि दोन दारांत दोन माणसं तो संपायची वाट बघत राहिली.