सुमनच्या छातीतला आवाज

करणी, अंगात येणं असल्या गोष्टी घेऊन येणाऱ्यांना मी आयुष्यभर हसून परत पाठवलं. माझा विश्वास माझ्या कानांवर. तरीही हे लिहितोय... कारण हे मी भरदिवसा, माझ्याच स्टेथोस्कोपमधून ऐकलं आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. इंदापूर तालुक्यात, कळंबला माझा लहानसा दवाखाना होता. अंथुर्ण्याची गयाबाई दहा वर्षांच्या भाचीला, सुमनला, घेऊन यायची. पोरीची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून या आत्यानंच तिला वाढवलं. चार पावलं चालली की सुमनला धाप लागायची. पोर नळीला घाबरायची, म्हणून मी दर वेळी आधी आत्याला नळी लावायचो, मग तिला. आत्याचे ठोके स्वच्छ. सुमनच्या छातीत मात्र हलकी फुसफुस, आणि दुसरा ठोका फुटून दोन झालेला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक – माझं निदान पक्कं होतं.

मुंबईच्या सर्जनांनीही तेच सांगितलं. ऑपरेशन तेव्हा नवीनच होतं. अंग बर्फानं गार करून भोक शिवायचं. बाप सोबत गेला, आत्या मळ्यात भाजीच्या तोडणीसाठी थांबली.

दोन महिन्यांनी दोघी आल्या. सुमन एसटीच्या थांब्यापासून न थांबता चालत आली होती. सवयीनं मी नळी आधी आत्याला लावली... आणि तीच फुसफुस. तोच फुटलेला ठोका!

सुमनला लावली. आवाज गेलेला. भोकामुळे ताणलेलं हृदय हळूहळू आकसेल, असं मुंबईच्या कागदावर होतंच.

पुन्हा आत्या, पुन्हा सुमन – तीनदा ऐकलं. पुढच्या आठवड्यात दोघींना बारामतीला एका डॉक्टर मित्राकडे नेलं, त्याला काहीही न सांगता. तो म्हणाला, भोक मोठ्या बाईंना आहे.

मी गयाबाईला मुंबईला जायला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला काय बी तरास न्हाय, डाक्टर. आन् तुमी हे माझं काडलं, आन् ते परत हिच्याकडं गेलं म्हंजे?"

पुढे वीस वर्षं ती मळ्यात राबली. दर वर्षी मी तपासलं; आवाज तसाच, धाप कधीच नाही. सुमनचं हृदय आकसून नेहमीएवढं झालं. पणदऱ्याला लग्न झालं, दोन मुलं झाली.

आत्याला ते आधीपासूनच असणार, तुमच्या लक्षात आलं नाही, असं काहीजण म्हणतात. म्हणोत. माझे कान तेव्हा उत्तम होते. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. गयाबाईला मुंबईला जायचा आग्रह मी पुन्हा कधी केला नाही... आणि का केला नाही, हे डॉक्टर म्हणून मला सांगता येत नाही.